बिबट्याचा प्रश्न

नोकरीची मुलाखत म्हटली, कीं उमेदवार पाठांतरास बसतो. ताडोबा, पेंच यांसारख्या व्याघ्रप्रकल्पांस जे वन्यजीव-शास्त्रज्ञ लागतात, त्यांच्या निवडींत मात्र पाठांतर फार दूरवर पोंचवीत नाहीं.

अंबरनाथ तालुक्यांतील जांभूळ गांवचा एखादा पदवीधर तरुण अशा मुलाखतीस गेला, असें धरूं. समिती विचारते, "तुमच्या गांवांत बिबट्या शिरला, तर काय सल्ला द्याल?" प्रश्न हवेंतला नाहीं. जांभूळजवळच्याच उल्हासनगरांत 2019 च्या जानेवारींत भरवस्तींत बिबट्या शिरला होता व वनखात्यानें त्याला बेशुद्ध करून पकडलें होतें.

"पकडून दूरच्या जंगलांत सोडावा," हें उत्तर जिभेवर प्रथम येतें. गांवकऱ्यांसही तेंच पटतें. परंतु पुणें जिल्ह्यांतील जुन्नरचा अनुभव याच्या उलट आहे. तेथें 2001 पासून अनेक बिबटे पकडून सरासरी सुमारें 40 किलोमीटरांवरील रानांत सोडण्यांत आले. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं 2011 मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें, कीं त्यानंतर माणसांवरील हल्ल्यांचें वार्षिक प्रमाण चौपटीच्या वर गेलें. पकडले जाण्याचा ताण आणि अनोळखी मुलूख यांमुळें जनावर अधिक आक्रमक होत असावें, असें अनुमान त्यांनीं काढलें.

म्हणून जाणता उमेदवार आधीं उलट प्रश्न करतो: बिबट्यानें कोणास इजा केली आहे काय? तो कोंडला आहे, कीं नुसता दिसला आहे? नुसता दिसला असेल, तर गर्दी हटवून त्याची वाट मोकळी ठेवावी, शेळ्या बंद गोठ्यांत बांधाव्या, कुत्रीं जमविणारा उकिरडा काढावा. पिंजरा हा शेवटचा उपाय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगीही लागते.

पदवी या नोकरीचें दार उघडते. ती नसल्यामुळें सलीम अली यांस प्राणि-सर्वेक्षण खात्यांतील पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नव्हती. पण त्यांनींच पुढें 1930 मध्यें अलिबागजवळ किहीम येथें सुगरण पक्ष्याचीं घरटीं दिवसचे दिवस न्याहाळलीं, आणि त्या निरीक्षणानें त्यांचें नांव झालें. अशी न्याहाळणारी नजर उमेदवारापाशीं आहे कीं नाहीं, हेंच समितीस पाहावयाचें असतें.

समितीपुढें चुकीचें उत्तर दिलें, तर फार तर एक जागा हुकते. तेंच उत्तर नोकरींत दिलें, तर त्याची किंमत दुसऱ्याच गांवच्या अंगणांत खेळणारें मूल देतें.