एम.एस.ई.बी. नेमकी कुठली?

पुराचं पाणी ओसरलं की चिकोडी-निपाणी भागातल्या रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे मोटारी येऊन पडतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं. २०२१ च्या जुलैत वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढलं, तेव्हाही तेच. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा यांच्या काठावरचे पंप बुडतात आणि तीन-पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी गाळ पोटात घेऊन टेम्पोतून उतरतात. कारागीर मोटार खोलतो, गाळ धुऊन काढतो. मग फळीवरची जड काळी पेटी खाली घेतो, एक वायर वाइंडिंगला आणि एक बॉडीला लावतो, आणि हँडल फिरवतो. या कामाला इथे ‘मेगर मारणं’ म्हणतात. काटा झिरोला चिकटून राहिला तर मोटार अजून ओली.

सुकवताना घडणारी एक गोष्ट नवख्याला घाबरवते. बल्बच्या उबेत ठेवलेल्या मोटारीचं रीडिंग आधी वाढत नाही, उलट घसरतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचा रोध ढोबळ मानाने निम्मा होतो, आणि ओल बाहेर पडायला मात्र वेळ लागतो. ती निघून गेली की काटा चढू लागतो. तोवर धीर धरणारा कारागीर मोटार वाचवतो. घाई करणारा ती जाळतो.

मेगरच्या त्या पेटीला ना सेल लागतो ना लाईट. पुरानंतर गावात दिवस दिवस वीज नसते, तेव्हा हे मोलाचं ठरतं. म्हणूनच डिजिटल मीटर स्वस्त झाल्यावरही हाताने फिरवायचा मेगर या दुकानांतून हद्दपार झालेला नाही. जुन्या विद्युत मापकांचा नाद लागलेल्या माणसाने मुंबईच्या चोरबाजाराआधी या फळ्यांकडे बघावं.

मेगर हे मुळात एका कंपनीने आपल्या यंत्रासाठी नोंदवलेलं नाव आहे. आज ते क्रियापद होऊन बसलं आहे. त्यामागचा माणूस सिडनी एव्हरशेड. लंडनच्या या अभियंत्याने १८८९ मध्ये इन्सुलेशन तपासण्याचं हातात नेता येईल असं उपकरण तयार केलं. तेव्हा त्याच्या दोन पेट्या असत, एकीत जनित्र आणि दुसरीत ओहममीटर. १८९५ मध्ये एव्हरशेड आणि व्हिन्योल्स ही कंपनी उभी राहिली, १९०३ मध्ये ‘मेगर’ हे नाव नोंदवलं गेलं, आणि दोन पेट्यांची एक पेटी झाली. अँपिअर, व्होल्ट, ओहम ही नावं ज्यांच्यावरून पडली ते शास्त्रज्ञ शाळेच्या पुस्तकात भेटतात. एव्हरशेडचं नाव मात्र त्याचं यंत्र रोज वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. हा अन्याय आहे, कारण त्याने सोडवलेला प्रश्न अवघड होता.

हाताने फिरवलेलं जनित्र कधी एकसारखा दाब देत नाही. हात दमला की व्होल्ट उतरतात, जोर केला की चढतात. मग रीडिंगवर विश्वास कसा ठेवायचा? एव्हरशेडने एकाच दांडीवर कोनात दोन कॉइली बसवल्या. एकीतला प्रवाह जनित्राच्या दाबाप्रमाणे बदलतो आणि दुसरीतून तपासायच्या इन्सुलेशनमधून झिरपणारा प्रवाह जातो. दोघी काट्याला उलट बाजूंना ओढतात, आणि जिथे ओढ सारखी होते तिथे काटा थांबतो. दाब उतरला तर दोन्ही प्रवाह एकाच प्रमाणात उतरतात, त्यामुळे काटा जागचा हलत नाही. डायलवर दिसतो तो भागाकार, म्हणजेच रोध. केबलसारख्या कामात वेग स्थिर लागतो, म्हणून पुढच्या मॉडेलांत मिनिटाला सुमारे १६० फेऱ्यांनंतर घसरणारा क्लच आला. पण मूळ करामत भागाकाराचीच.

म्हणूनच मेगरमध्ये काटा परत आणणारी स्प्रिंग नसते. हँडल थांबलं की काटा डायलवर कुठेही तरंगत राहतो. भंगारवाले आणि पुष्कळ हौशी संग्राहक हे बघून मीटर ‘डेड’ ठरवतात, आणि काही बहाद्दर तो उघडून नसलेली स्प्रिंग बसवायला जातात. खरी परीक्षा साधी आहे. दोन्ही टर्मिनल मोकळी ठेवून हँडल फिरवलं की काटा अनंताच्या खुणेवर गेला पाहिजे. तारेने ती जोडून हलके फिरवलं की शून्यावर यायला हवा.

एवढ्यावर मीटर पास मात्र करू नये. जुन्या मेगरमध्ये जनित्राला आणि काट्याच्या कॉइलींना चुंबक एकच असतो. वर्षानुवर्षांत तो कमजोर झाला तर दोन्ही कॉइलींची ओढ सारखीच कमी होते आणि काटा पहिल्यासारखाच योग्य जागा दाखवतो. प्रत्यक्षात मात्र ५०० व्होल्टचा म्हणवणारा मेगर कितीतरी कमी दाबाने तपासत असतो, आणि ५०० ला फुटलं असतं असं इन्सुलेशन पास होऊन जातं. म्हणून हँडल फिरवत टर्मिनलवरचा दाब दुसऱ्या मीटरने मोजावा लागतो, आणि तो मीटर फार थोडा प्रवाह खाणारा हवा. चुंबक म्हातारे का होतात हा प्रश्न खुद्द एव्हरशेडला छळत होता. कायम चुंबकांवर त्याने १९२० आणि १९२५ मध्ये ब्रिटिश विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात दीर्घ निबंध लिहिले.

असा दाब मोजायला आपल्याकडे हाताशी असतो तो ॲव्होमीटर. डोनाल्ड मॅकेडी हा ब्रिटिश पोस्ट खात्यातला अभियंता. टेलिफोनच्या दुरुस्तीला तीन-तीन मीटर वागवून तो वैतागला होता. त्याच्या कल्पनेतून १९२३ मध्ये अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा सात रेंजचा मीटर बाजारात आला. १९५१ चं मॉडेल आठ जगभर गेलं आणि २००८ पर्यंत बनत राहिलं. त्याचा दर व्होल्टला २०,००० ओहमचा रोध मेगर तपासायला पुरेसा आहे. आतला १५ व्होल्टचा छोटा सेल आता सहजी मिळत नाही. रिमोटचा १२ व्होल्टचा सेल आणि ३ व्होल्टचा बटण सेल एकापुढे एक जोडले की काम भागतं. मूळ पेटीला छिद्र पाडायची काही गरज नसते.

आपल्या बाजूचा ॲव्होमीटर म्हणजे नाशिकचा मोटवानी. १९०९ मध्ये सिंधमधल्या सक्करला सुरू झालेलं, पुढे मुंबईला आलेलं हे घराणं. ‘शिकागो रेडिओ’ या नावाने काँग्रेसच्या अधिवेशनांत गांधीजींचा आवाज लाखोंपर्यंत पोचवला तो यांच्याच ध्वनिक्षेपकांनी. त्या नावामागे एक घराणं होतं हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि त्याच घराण्याच्या नाशिकच्या कारखान्यातला मल्टिमीटर कितीतरी जणांनी आयटीआयमध्ये हाताळलेला असतो. जुना मोटवानी मिळाला तर तो विलायती ॲव्होपेक्षा कमी लेखू नये. आपल्या लोकांच्या हातातला मीटर तो होता.

आता वय काढण्याचा मुद्दा, आणि सीमाभागात खरी गंमत इथेच सुरू होते.

विलायती मॉडेल आठचं वय त्याच्या क्रमांकातच असतं. शेवटच्या चार आकड्यांत महिना आणि साल दिलेलं असतं, म्हणजे ११५९ म्हणजे नोव्हेंबर १९५९. देशी मीटरवर बहुधा अशी सोय नसते, मग डायलवरचा पत्ता वाचावा. ‘बॉम्बे २८’ असा नुसता विभाग असेल तर मीटर बहुधा पिनकोडच्या आधीचा, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचा. ४०० ने सुरू होणारा सहा आकडी पिन असेल तर त्यानंतरचा. इंग्रजीत ‘मुंबई’ असेल तर १९९५ नंतरचा. वारंवारता ‘सायकल प्रति सेकंद’मध्ये असेल तर हर्ट्झ रुळण्यापूर्वीचा. पेटीत पावती सापडली आणि तिच्यावर आणे असले तर खरेदी बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची, ‘नये पैसे’ असले तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानची.

या पट्ट्यात याहून बोलकी असते ती पेटीच्या पाठीवर रंगाने घातलेली सरकारी अक्षरं. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी चिकोडी, निपाणी आणि सगळा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. म्हणजे इथल्या सरकारी सामानावर मुंबईची खूण हवी. त्या दिवशी चंदगड तालुका वगळता जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९५७ च्या ऑक्टोबरात म्हैसूरचं वीज मंडळ स्थापन झालं. इंग्रजी नावाची आद्याक्षरं एम.एस.ई.बी. मग जून १९६० मध्ये पलीकडे महाराष्ट्राचं वीज मंडळ आलं. आद्याक्षरं तीच, एम.एस.ई.बी.!

१९७३ च्या नोव्हेंबरात म्हैसूरचं कर्नाटक झालं आणि इकडच्या मंडळाची अक्षरं के.ई.बी. झाली. तोवर तेरा वर्षं सीमेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून काही कोसांवर, दोन राज्यांच्या दोन मंडळांची अक्षरं सारखीच होती. निपाणीच्या भंगारात एम.एस.ई.बी. लिहिलेला मेगर मिळाला तर तो म्हैसूरचा की महाराष्ट्राचा? सीमेपलीकडच्या कागलकडून आला की इथल्याच सबस्टेशनातून निघाला? सीमेचा वाद पुढाऱ्यांच्या भाषणांत खूप वेळा ऐकलेला असतो. पेटीच्या पाठीवरच्या चार अक्षरांतही तो असेल हे लक्षात येत नाही.

सोडवणूक जमते, पण आजूबाजूच्या पुराव्यावरून. उत्पादनाची तारीख १९७३ नंतरची असेल तर प्रश्न मिटला, मीटर महाराष्ट्राचा. आधीची असेल तर दुरुस्तीच्या चिठ्ठीवरचा गाव बघावा, हाताने लिहिलेला शेरा कन्नडमध्ये आहे की मराठीत ते बघावं, वायरमनने खिळ्याने कोरलेलं नाव बघावं. वर कर्नाटकच्या वीज पारेषण कंपनीचा, म्हणजे केपीटीसीएलचा स्टिकर असेल तर तो १९९९ नंतर लागला, इथल्या वितरण कंपनीचा, म्हणजे हेस्कॉमचा असेल तर २००२ नंतर. एका पेटीवर रंगाचे चार थर आणि दोन लिप्या असू शकतात. तेवढा पुरावा कुठल्याही कॅटलॉगात सापडणार नाही.

म्हणूनच मीटर ‘नवा’ करून विकणारे या विषयाचं सगळ्यात मोठं नुकसान करतात. काळ्या स्प्रेचा एक हात मारला की पेटी चकाचक दिसते आणि तिचा इतिहास पुसला जातो. बेकेलाइटला मऊ फडकं आणि थोडं मेण पुरतं. डायलवर पाणी किंवा स्पिरिट लावू नये, छापील अक्षरं उठतात. प्लॅस्टिकच्या काचेवर स्थिर वीज साठली की काटा अडखळतो. साबणाचं पातळ पाणी काचेला लावून वाळवलं की तो सुटतो. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कीस अडकला असेल तर चिकटपट्टीच्या टोकाने तो उचलावा. चुंबक मात्र जागचा काढू नये, काढला की त्याचं बळ घटतं आणि ते घरी परत भरता येत नाही. युद्धकाळातल्या विमानांच्या मीटरांत काट्यावर चमकणारा रंग असेल तर तो रेडियमचा असू शकतो. तो खरवडू नये आणि पेटी उघडू नये.

दुरुस्त झालेला मीटर खरं बोलतो का, हे शेवटी प्रयोगशाळेतच कळतं. मुंबईत चुनाभट्टीला १९६९ पासून विद्युत मापकांच्या रचनेची सरकारी संस्था आहे आणि तिथे मीटर प्रमाणित करून मिळतात. संग्रहातल्या प्रत्येक मीटरला हे परवडणार नाही, पण ज्याच्यावर बाकीचे ताडून बघायचे तो एक तरी प्रमाणित असावा. आणि कितीही नीट केलेला असला तरी जुना ॲव्हो चालू थ्री-फेज पॅनेलवर लावू नये. त्या काळचं संरक्षण आजच्या कसोटीला उतरत नाही.

चिकोडी, निपाणी, संकेश्वर, कागल या भागात कुणाच्या माळ्यावर, बंद पडलेल्या वर्कशॉपात किंवा निवृत्त वायरमनच्या घरी असा मीटर असेल, तर त्याला हात लावण्यापूर्वी पाठीचा फोटो काढा. क्रमांक, पत्ता, रंगाची अक्षरं आणि आतल्या चिठ्ठ्या वहीत उतरवून ठेवा. तो कुठून आला हे सांगणारा माणूस हयात असेल, तर त्याच्याकडून आजच विचारून घ्या.