ड्रेनेज लाईनला आतून अस्तर

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याला ड्रेनेज लाईनची आठवण दोनदाच होते. तळमजल्याच्या बाथरूममध्ये पाणी उलटं यायला लागलं की एकदा, आणि दुरुस्तीसाठी पॅसेज खणून ठेवला की दुसऱ्यांदा. एरवी ती बिचारी जमिनीखाली मुकाट काम करत असते. किती काम? हॉस्टेलसाठी भारतीय मानकात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. २०० मुलांचं हॉस्टेल म्हणजे २७,००० लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के, म्हणजे २१,६०० लिटर, रोज एका सहा इंची पाईपातून बाहेर जातं.

पनवेलला हा विषय परका नाही. इथली नगरपालिका १८५२ सालची. २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली. सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलमधल्या सुरुवातीच्या इमारतीही आता चाळिशीच्या घरात किंवा पुढे आहेत. अशा इमारतींत उभे पाईप बहुधा बिडाचे आणि जमिनीखालचे चिनी मातीचे, म्हणजे स्टोनवेअरचे असतात. स्टोनवेअर सहसा कुजत नाही. खराब होतात ते त्याचे सिमेंटचे सांधे. भराव खचला की सांधा उघडतो, फटीतून पिंपळा-वडाची मुळं आत शिरतात, मुळांत कचरा अडकतो, आणि मग लाईन तुंबते. पावसाळ्यात उलटंही होतं. जमिनीतलं पाणी याच फटींतून आत येतं. भर पावसाळ्यात पाऊस थांबलेला असताना पहाटे तीन वाजता चेंबरचं झाकण उघडून बघा (सबमिशनची रात्र सोडून, कारण तेव्हा सगळे जागेच असतात). कुणी नळ वापरत नसताना स्वच्छ पाणी वाहताना दिसलं, तर लाईन गळकी आहे असा दाट संशय घ्यायला हरकत नाही.

यावर जुना उपाय म्हणजे फरशी फोडा, खणा, पाईप बदला. दुसरा उपाय १९७१ साली लंडनमध्ये एरिक वूड या इंजिनिअरने प्रत्यक्षात आणला. जुन्या पाईपाच्या आतच नवा पाईप तयार करायचा! मुंबई महापालिकेनेही ब्रिटिशकालीन मलवाहिन्यांना न खोदता अस्तर घालण्याची कामं केली आहेत. तत्त्व तेच, आपल्या इमारतीची लाईन फक्त लहान.

पद्धत अशी. आधी जेटिंगच्या दाबाच्या पाण्याने लाईन धुतात, मुळं कापतात आणि कॅमेरा आत सोडतात. मग रेझिनमध्ये भिजवलेली फेल्टची लांब नळी चेंबरमधून हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने आत ढकलतात. मोजा उलटा करतो तशी ती उलटत पुढे जाते, त्यामुळे रेझिनची बाजू जुन्या पाईपाला चिकटते. गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाशाने रेझिन कडक झालं की आत बिनसांध्याचा पाईप तयार. शेवटी छोटा कटर आत पाठवून, अस्तराने झाकली गेलेली बाजूच्या लाईनींची तोंडं पुन्हा उघडतात. ती तोंडं कुठे आहेत याची नोंद आधी केली नसेल, तर एखाद्या विंगचं पाणी कोंडलंच म्हणून समजा.

‘अस्तराने पाईप अरुंद होईल ना?’ हा प्रश्न हमखास येतो. मीही मॅनिंगचं सूत्र घेऊन बसलो. १५० मि.मी. पाईपात ३ मि.मी. अस्तर घातलं की आतला व्यास १४४ मि.मी. होतो. नुसत्या व्यासामुळे वहनक्षमता सुमारे १० टक्के घटते. पण खडबडीतपणाचा गुणांक जुन्या पाईपाला ०.०१३ आणि अस्तराला ०.०११ धरला, तर उतार तोच ठेवून एकूण क्षमता उलट सुमारे ६ टक्के वाढते.

मात्र खरी मेख उतारातच आहे. अस्तर जुन्या पाईपाचाच आकार घेतं. सहा इंची लाईनला निदान १०० ला १ उतार हवा. जमीन खचून लाईनला मध्येच पोट आलं असेल, तर अस्तरालाही तेच पोट येणार; गाळ तिथेच बसणार आणि लाईन पुन्हा तुंबणार. पाईप पूर्ण ढासळला असेल, तर नळी पुढे जाणारच नाही. अशा ठिकाणी तेवढा तुकडा खणावाच लागतो. म्हणून कॅमेऱ्याचं चित्रण न दाखवता कुणी ‘सगळ्या लाईनला अस्तर घालून देतो’ म्हणाला, तर इस्टिमेटवर सही करू नये.

काम सुट्टीत करावं, कारण रेझिन कडक होईपर्यंत संडास-बाथरूम बंद ठेवावी लागतात. पण सुट्टीत बंद खोल्यांतले नहाणी ट्रॅप कोरडे पडतात, आणि पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनची उग्र वाफ त्यांतून खोल्यांत शिरते. ती अपायकारक असते. म्हणून आधी प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतावं आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आता खर्चाच्या तक्त्यात न दिसणारी गोष्ट. लाईन वारंवार तुंबते तेव्हा कुणाला तरी आत उतरवायचा मोह होतो. खोल चेंबरमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासा होतो, आणि आतल्या माणसाला धोका समजतच नाही. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण भरपाई मिळते ती माणूस गेल्यावर.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी लाईन तुंबली की ‘कुणाला तरी बोलवा’ एवढ्यावर थांबू नका. एकच लाईन वर्षात तिसऱ्यांदा तुंबत असेल तर रेक्टरसरांकडे अर्ज द्या, आणि त्यात सफाईच्या आधी कॅमेरा तपासणीची मागणी करा. आणि हो, उरलेला भात आणि शॅम्पूची पाकिटं बेसिनमध्ये टाकायचं आजपासून बंद. त्याला ना रेझिन लागतं, ना इस्टिमेट.