गार वारा सोडणारा हीटर

मोटारीतल्या हीटरची आठवण आपल्या मुलखात फारशी कोणाला होत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरला, पहाटे भाजीची गाडी बाजाराला निघाली आणि समोरची काच आतून धुरकटली, म्हणजे ड्रायव्हरचा हात हीटरच्या खुंटीकडे जातो. अशा वेळी जुन्या गाडीतून गारच वारा आला, तर "हीटरवाचून काय अडलंय?" म्हणून सोडून देऊ नका. पुष्कळदा ती तक्रार हीटरची नसून इंजिनाची असते.

कशी ते पाहा. इंजिन तापून बिघडू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळवलेले असते. त्यातलेच थोडे कढत पाणी एका नळीने डॅशबोर्डामागच्या लहानशा रेडिएटरमध्ये येते आणि दुसऱ्या नळीने परत जाते. पंखा त्यावरून वारा फुंकतो. म्हणजे हीटरला स्वतःची चूल अशी नाहीच. तो इंजिनाच्या चुलीवर शेकून घेतो.

तेव्हा पहिली तपासणी पाण्याची. इंजिन पुरते निवलेले असताना रेडिएटरचे झाकण काढून आत पाहा. नुसत्या बाजूच्या बाटलीवर विसंबू नका. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडायचे नाही. आतले पाणी दाबाखाली 100 अंशांच्या वरही गेलेले असते, आणि दाब सुटताच उसळून तोंडावर येते. शिक्षकबंधूंनी वर्गात प्रेशर कुकरचे उदाहरण दिले, तर मुलांना हे चटकन कळेल.

पाणी कमी झाले की आत हवा शिरते, आणि हीटर उंचावर असला की तिथेच अडून बसते. डॅशबोर्डामागे खळखळ ऐकू येते. इंजिन रेस केले की वारा ऊन, सोडले की गार! पाणी भरूनही पातळी पुन्हा उतरत असेल, तर ते जाते कुठे ते शोधा. बाहेर गळती नाही, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी पुढे दामटू नये. काटा वर चढला नाही म्हणून निर्धास्त राहू नका; सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला की काटाही फसवतो.

पाणी पुरेसे आहे, तरी काटा खालीच घुटमळतो आणि मोकळ्या रस्त्यावर आणखी उतरतो, असे असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. नाहीतर जागेवरच नाही. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून टाकण्याची काही मिस्त्रींना खोड असते. मला ती मुळीच पटत नाही. साधारण 80 ते 90 अंशांपर्यंत तापल्याशिवाय पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचे नाही, हे त्याचे काम. तो नसला की इंजिन थंडच धावते आणि इंधन जास्त पिते.

काटा ठीक असेल तर हीटर चालू ठेवून इंजिन तापवा, मग बंद करून हीटरच्या दोन्ही नळ्यांना बेताने हात लावा. दोन्ही कढत असतील तर पाणी फिरते आहे. दोष पंख्यात किंवा वाऱ्याच्या झडपेत. दोन्ही गार असतील तर कॉक पाहा. आपल्याकडे तो वर्षानुवर्षे बंदच राहतो आणि गंजून जाम होतो. खुंटी फिरते, कॉक फिरत नाही. एक कढत आणि दुसरी कोमट, म्हणजे हीटर बहुधा चोक झाला. बोअरचे जड पाणी घालत राहिले, की न्हाणीच्या बंबात बसतो तसा पांढरा थर आत बसतो. नळ्या सोडून उलट्या बाजूने हलक्या दाबाने पाणी सोडावे. जोर लावला तर जुना हीटर फुटतो. पुढे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावे. कूलंट गोडसर पण विषारी असते. मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवा.

हे झाले पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांचे. जुन्या फोक्सवॅगन बीटलचे इंजिन हवेने थंड होते, आणि तिचा हीटर धुराच्या नळीभोवतीची गरम हवा आत घेतो. ती नळी सडली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. अशा गाडीत हीटर लावल्यावर डोके जड झाले, तर लगेच काचा उघडा, गाडी थांबवून खाली उतरा आणि नळी तपासून होईपर्यंत हीटर बंद ठेवा.