इंडक्शनचा पॉइंट घरी स्वतः बसवावा का?

आजचा भाग ऐकताना एक काम करा, स्वयंपाकघरात जाऊन इंडक्शनचा प्लग कुठे लावलाय ते बघून या.

तर झालं असं, आमच्याकडे सिलिंडर संपला आणि आईने इंडक्शन बाहेर काढली. २००० वॅटची. तिच्या प्लगच्या पिना जाड, ओट्यावरचं सॉकेट मिक्सरचं, बारीक भोकांचं. मग मी काय केलं? कन्व्हर्टर लावला. चौथ्या दिवशी मी कॉलवर असताना आतून आवाज, "अगं, काहीतरी जळतंय!" कन्व्हर्टर वितळून सॉकेटला चिकटला होता.

मला खटकलं ते वेगळंच. एमसीबी पडलाच नाही! असं कसं?

हिशोब सोपा आहे. २००० भागिले २३० म्हणजे साधारण ८.७ अँपिअर. सॉकेट ६ अँपिअरचं. पण त्या लाइनवरचा एमसीबी १६ चा, त्याच्या दृष्टीने ८.७ म्हणजे सगळं आलबेल. एमसीबी वायरचं रक्षण करायला असतो, सॉकेटमधली ढिली पट्टी त्याला दिसत नाही. आणि तापतं नेमकं तिथेच. समजा पिन आणि पट्टीच्या सांध्यात फक्त ०.१ ओहमचा रोध आहे. ८.७ चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे साडेसात वॅट. एका छोट्या एलईडी बल्बइतकी वीज, पण सगळी उष्णता होऊन तांदळाएवढ्या जागेत! (बीटेकला बेसिक इलेक्ट्रिकलचा पेपर कसाबसा काढला होता, तो इथे कामी आला.)

आता मुद्द्याचं. यूट्यूब बघून वाटलं, १६ अँपिअरचं सॉकेट आणायचं, तीन वायरी जोडायच्या, झालं. मेन बंद केला, टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासला, मग बंद केलेल्यावर. कारण बिघडलेला टेस्टरही पेटत नाही! बोर्ड उघडला, तर आत दीड चौरस मिलिमीटरची वायर, तीही एका सॉकेटमधून दुसऱ्यात फिरवलेली. मिक्सर, फिल्टर, सगळं तिच्यावरच. वर सॉकेट मोठं बसवलं असतं तरी भिंतीतली वायर तीच राहिली असती. म्हणजे यूआय नवा, बॅकएंड जुना. बोर्ड परत बंद केला.

नियमही हेच सांगतो. स्विच, फ्यूज असल्या वस्तू बदलायला सूट आहे, पण वायरिंगची क्षमता बदलत नसेल तरच. नवी लाइन टाकणं हे परवानाधारक कंत्राटदाराचं काम. मला आधी हा नियम फालतू वाटला होता.

वायरमन काका आले. डीबीपासून थेट वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ चा स्वतंत्र एमसीबी. पॉइंट शेगडीच्या आणि नळाच्या बाजूला, वर नाही. वर असला की वाफ थेट आत जाते. मी मध्ये मध्ये प्रश्न विचारून त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी त्यांनीच मीटर माझ्या हातात दिला: फेज-न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज-अर्थिंगमध्येही तेवढंच. दुसरा आकडा आला नाही तर तिसरी पिन नुसती शोभेची.

"आरसीसीबी आहे का हो?" काकांनी विचारलं. होता, ३० मिलिअँपिअरचा. माणसाला शॉक बसताना वीज तोडतो तो हा. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, अधूनमधून दाबून बघायचं, पडला पाहिजे. मी तिथल्या तिथे दाबलं. पडला. फ्रिज बंद, पंखा बंद, राउटर बंद, आणि स्टँडअपमधून मी गायब.