पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. म्हणताना पायांचा विचार मात्र कुणीच करीत नाही. हा पुढे कलेक्टर होणार की नुसत्या उनाडक्या करणार, याचे भाकीत त्या म्हणीत दडलेले असते. मी लहान मुलांचा डॉक्टर. माझ्या व्यवसायात ही म्हण शब्दशः खरी आहे. पाळण्यातले पाय कसे हलतात, दोन्ही सारखे हलतात का, मुठी उघडतात का, मान कितव्या महिन्यात ठरते, हे नीट पाहिले तर त्या बाळाच्या मेंदूविषयी पुष्कळ काही कळते. त्यासाठी यंत्र लागत नाही. पाहणारे डोळे लागतात आणि पाहिलेले मनावर घेणारे घर लागते.

यवतमाळ जिल्ह्यात इतकी वर्षे मी लेकरे तपासत आलो. दारव्हा, घाटंजी, पुसद, झरीजामणी, जिकडून म्हणाल तिकडची. बाळाबरोबर बहुधा आजी असतेच. ती सांगते, ''डॉक्टरसाहेब, नातू अजून बसत नाही जी. पण याचा बापही उशिराच चालला होता.'' या बोलण्यातला पहिला अर्धा भाग निरीक्षणाचा आहे, दुसरा समाधानाचा. निरीक्षण जवळजवळ नेहमीच बरोबर असते. चार-सहा लेकरे वाढवलेल्या बाईची नजर सहसा चुकत नाही. समाधानही कधीकधी खरे ठरते, कारण उशिरा चालणे काही घराण्यांत असतेच. पण कधीकधी त्याच समाधानापायी बाळाच्या आयुष्यातले मोलाचे वर्ष निघून जाते. कोणते समाधान खरे आणि कोणते खोटे, हे ओळखायचे कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

येताना आणलेली शिदोरी

बाळ रिकाम्या हाताने जन्माला येत नाही. काही हालचाली ते शिकूनच आल्यासारखे करते. वैद्यकात त्यांना प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. गालाला बोट लावले की बाळ तिकडे तोंड वळवते आणि दूध शोधते. तळहातावर बोट ठेवले की मूठ आवळते. बारशाला आलेली आत्या बोट पुढे करते, बाळ ते घट्ट धरते आणि आत्या म्हणते, ''बघा, ओळखलं मला!'' आत्याचा आनंद हिरावून घेण्याची माझी इच्छा नाही. पण तिच्या जागी काठी असती तरी बाळाने ती तशीच धरली असती.

मोठा आवाज झाला किंवा डोक्याचा आधार क्षणभर सुटला, की बाळ दोन्ही हात बाहेर फेकते आणि मिठी मारावी तसे पुन्हा जवळ घेते. जर्मनीतील हायडेलबर्गचे बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ साली या क्रियेचे वर्णन केले. तिला आजही त्यांचेच नाव आहे. त्यात एकच हात उचलला गेला, तर जन्माच्या वेळी खांद्याची नस ताणली गेली का, गळ्याजवळचे हाड मोडले का, हे आम्ही पाहतो. ही परीक्षा डॉक्टरांनी घ्यायची. घरी कुणी बाळाचे डोके सोडून पाहू नये.

सर्वांत गमतीची क्रिया पावले टाकण्याची. महिन्याच्या आतल्या बाळाला काखेत धरून उभे केले आणि तळपाय टेकवले, तर ते चक्क चालल्यासारखी पावले टाकते. दोनेक महिन्यांत हे थांबते आणि घरातली माणसे घाबरतात. ते थांबते कशामुळे? मेंदू वाढला की तो ही क्रिया दाबून टाकतो, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. एस्थर थेलन या अमेरिकन संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पावले टाकणे कमी झालेल्या बाळांना त्यांनी पाण्यात उभे धरले. पाण्याने पायांचे वजन हलके केले आणि पावले पुन्हा जोरात पडू लागली! म्हणजे विद्या हरवली नव्हती. बाळाने बाळसे धरले होते. पायांत ताकद येण्याआधी पाय जड झाले होते, एवढेच.

जाणाऱ्याने जावे

या शिदोरीची खरी गोष्ट अशी, की ती योग्य वेळी संपली पाहिजे. पहिल्या काही महिन्यांत बाळाने मान एका बाजूला वळवली की त्या बाजूचे हातपाय सरळ होतात आणि दुसऱ्या बाजूचे दुमडतात. धनुष्य ताणलेल्या तिरंदाजासारखे ते दिसते. चार ते सहा महिन्यांत ही सवय जायला हवी. ती गेली नाही तर बाळ कुशीवर वळणार कसे? खुळखुळ्याकडे पाहत तो तोंडाकडे नेणार कसे? ज्या बाजूला पाहावे तिकडचा हात ताठ होणार! मुठीचेही तसेच. चौथा महिना उलटला तरी मुठी सतत आवळलेल्या आणि अंगठा आत दबलेला राहत असेल, तर त्या हाताला वस्तू घेता येणार नाही. मोरोची दचकणीही सहा महिन्यांपर्यंत निघून गेली पाहिजे.

आई-आजी बाळ काय नवे करू लागले ते मोजतात. त्याबरोबर जुने काय गेले, हेही पाहावे. शरीराचा कारभार मेंदूच्या खालच्या भागाकडून वरच्या भागाकडे येत असल्याची ती खूण असते.

एक क्रिया मात्र उशिरा येते आणि जन्मभर राहते. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला पोटाला धरून आडवे झुकवले, की ते हात पुढे पसरून स्वतःला सावरू पाहते. तुम्ही-आम्ही ठेच लागून पडताना हात पुढे करतो, तो याच क्रियेमुळे. पडणे सावरता येऊ लागले, की चालण्याची तयारी सुरू झाली असे समजावे.

वरून खाली

ताकद येते ती डोक्याकडून पायाकडे. आधी मान, मग पाठ, मग कंबर, शेवटी पाय. तीन-चार महिन्यांत मान ठरते, चार ते सहाच्या सुमारास बाळ पालथे पडते, सहाव्याला हात टेकून बसते, आठव्या-नवव्याला बिनआधार बसते आणि रांगू लागते. हातांतही तसाच क्रम: आधी खांदा, मग पंजा, शेवटी बोटे.

आपल्या देव्हाऱ्यातला रांगणारा बाळकृष्ण आठवा. दोन गुडघे आणि एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, मान वर. ज्या कारागिराने तो पहिल्यांदा घडवला त्याने खरे बाळ निरखून पाहिले असणार. एका हातावर भार तोलून दुसरा मोकळा करणे ही त्या वयातली मोठीच कमाई आहे. संक्रांतीच्या बोरन्हाणात दहा-अकरा महिन्यांचे बाळ चुरमुऱ्याचा दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलते, तेव्हा बोटांपर्यंत पोचलेला मेंदूचा ताबाच आपण पाहत असतो.

मोजपट्टी कुणाची?

पण सगळीच बाळे पंचांगाप्रमाणे वागत नाहीत. मग उशीर म्हणजे नेमका किती? पूर्वी याचे उत्तर अमेरिकन बाळांच्या तक्त्यांवरून दिले जाई. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांचा अभ्यास करून आपली मोजपट्टी तयार केली. त्यातून पुढे सिद्ध झालेल्या चाचणीत हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ बाबी आहेत. बडोद्याच्याच नोंदींतून निवडक १७ बाबी घेऊन तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये एक छोटा तक्ता प्रसिद्ध केला. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची आणि तिच्या डाव्या बाजूचे सर्व जमते का पाहायचे, इतके ते सोपे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी बाळांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतातली बाळे दक्षिण दिल्लीची होती. बिनआधार बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने निघाला, रांगण्याचा ५.२ ते १३.५ आणि एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. शंभरातली चार बाळे तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा शेजारणीचा मुलगा अकराव्या महिन्यात चालला आणि आपली मुलगी चौदाव्यात, म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय तर जन्मतारखेपासून नव्हे, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. दोन वर्षांपर्यंत तरी तसेच धरावे.

झोळी, मालिश आणि पांगुळगाडा

आपला जिल्हा कापसाचा. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून आईला बसून चालत नाही. धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधलेली आणि त्यात तान्हे, हे दृश्य आपल्याला नवे नाही. त्या माउलीला दोष देणाऱ्याने आधी एक दिवस कापूस वेचून पाहावा. पण झोळीत बाळाचे अंग गोल होते. मान उचलायला, वळायला तिथे जागा नसते. म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर बाळाला जमीन द्यावी. गोधडी अंथरावी, बाळ जागे असताना पालथे घालावे आणि समोर कुणीतरी बसावे. झोपवताना मात्र उताणेच.

पाय पसरून, नडग्यांवर बाळ पालथे घेऊन मालिश करण्याची आपली जुनी रीत या दृष्टीने उत्तमच आहे. मान उचलण्याचा व्यायाम त्यात आपोआप होतो. फक्त बाळाला पायांनी उलटे धरून झटके देणे थांबवावे. पांगुळगाड्याचेही तेच. स्वतः उभे राहू शकणारे मूल तो ढकलते, म्हणून तो भला; नजर मात्र ठेवावी. बाजारात मिळणारा बैठकीचा वॉकर वेगळा. त्यात मूल लोंबकळते, चवड्यांवर धावते आणि उंबऱ्यावरून उलटते. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपण निदान भेट म्हणून तो देऊ नये.

कधी थांबू नये

आता आजीच्या समाधानाकडे येऊ. नुसता थोडा उशीर असेल, बाळ हसते-खेळते, दोन्ही हातपाय सारखे चालवते आणि दर महिन्याला काही नवे करते, तर वाट पाहता येते. पण पाचव्या महिन्यातही मान लटपटत असेल, नऊ महिने उलटूनही बसत नसेल, दीड वर्षाचे होऊन चालत नसेल, तर थांबू नये. वर्षाच्या आतच बाळ एकाच हाताने सगळे करीत असेल, तर 'डावखुरा आहे' म्हणून हसू नका. दुसरा हात तपासून घ्या. अंग ताठ राहणे, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जाणे, किंवा उलट अंग कापडासारखे लुळे पडणे, ही लक्षणे तर कोणत्याच वयात दुर्लक्षू नयेत. आणि येत असलेली गोष्ट बंद झाली, बसणारे बाळ बसेनासे झाले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. जीवनसत्त्व बी-१२ च्या कमतरतेनेही असे होते आणि त्याला औषध आहे.

एक मुलगा माझ्याकडे साडेतीन वर्षांचा होऊन आला. जन्मल्यावर तो लवकर रडला नव्हता. मधली वर्षे नवसात, अंगाऱ्यात आणि 'होईल हळूहळू' यात गेली होती. टाचा वर ओढल्या गेल्या होत्या, मांड्या उघडत नव्हत्या. त्याच भागातली एक मुलगी, जन्माची हकीकत जवळपास तीच, अंगणवाडी सेविकेने पाचव्या महिन्यात पाठवली. ''मुठी उघडत नाही जी,'' एवढेच सेविकेचे म्हणणे होते. दोघांनाही सेरेब्रल पाल्सी. मेंदूला झालेली इजा व्यायामाने पुसली जात नाही, हे मी दोन्ही आयांना सांगितले. पण मुलीच्या आईला तिला कसे धरायचे, कसे भरवायचे, कसे बसवायचे हे वेळेवर शिकता आले. ती मुलगी आज काठी घेऊन शाळेत जाते. सगळीच बाळे इतकी मजल मारतील असे नाही. पण आखडलेले सांधे तरी टाळता येतात.

पूर्वी न चालणारे मूल दिसले की लोक 'पोलिओ झाला का?' असे विचारत. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला, तरी तो प्रश्न गावात अजून ऐकू येतो. शत्रू बदलला, हे आपल्या ध्यानात यायचे आहे.

मदत दारापर्यंत आणण्याची व्यवस्था आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले; पुढे तीच कल्पना देशभरच्या आशाताईंच्या गृहभेटींत उतरली. आता तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही आशाताईंची भेट ठरलेली आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाढीतला उशीर ओळखून बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची तरतूद आहे. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण या सर्व व्यवस्थेला पहिली खबर देणार कोण? तर घरच.

घरोघरी माता-बाल संरक्षण कार्ड असते. लसीची तारीख पाहण्यापुरतेच आपण ते काढतो आणि पुन्हा ट्रंकेत ठेवतो. त्यात बसणाऱ्या, रांगणाऱ्या, उभ्या राहणाऱ्या बाळांची चित्रेही आहेत. आज रविवार आहे, घरातले बरेच जण घरी असतील. ते कार्ड काढा, बाळाला गोधडीवर सोडा आणि आजीला शेजारी बसवा. तिने 'नाही जी' म्हटले, तर पुढचे वाक्य ती बोलण्याआधी आशाताईंना निरोप धाडा.