कडक भाकरीचा भाव कसा ठरवायचा?

सोलापुरात घरातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या बायकांचा विषय निघाला की ‘त्यांना प्रशिक्षण द्यायला हवं’ हे वाक्य हमखास येतं. कसलं प्रशिक्षण? महिनोन्‌महिने टिकेल अशी पातळ भाकरी थापून वाळवणं, तेल सुटेपर्यंत चटणी कुटणं त्यांना कुणी शिकवायला नको. अडतं ते दुसरीकडेच.

गैरसमज : माल खपतोय, म्हणजे धंदा फायद्यात आहे.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. समजा, शंभर भाकऱ्यांना पीठ, गॅस, पॅकिंग धरून ४५० रुपये लागले आणि भाकरी ६ रुपयांना विकली. दीडशे सुटले असं वाटतं. पण बांधताना दहा मोडल्या तर विक्री ५४० वर येते, उरतात ९०. त्यासाठी दोघी पाच-पाच तास राबल्या, म्हणजे तासाला ९ रुपये पडले. एवढ्या मजुरीवर त्या दुसऱ्याच्या कामाला गेल्या असत्या का? स्वतःचे श्रम फुकट धरले की भाव पडतो, आणि दिवाळीची मोठी ऑर्डर आली की मदतीला बाई लावणं परवडत नाही. मजुरी, मोडतोड, रिक्षाभाडं भावात आधी धरावं, नफा त्यावर. आणि धंद्याचा पैसा घरखर्चाच्या डब्यात ठेवू नये.

गैरसमज : शिक्षण नाही, तर हिशेब कसा जमणार?

सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं बायकांनी बँक काढायचं ठरवलं. अंगठा लावणाऱ्या सभासद पाहून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. त्या साक्षरता वर्गाला बसल्या, आणि अधिकाऱ्यांसमोर व्याज तोंडी काढून दाखवायला तयार झाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे माणदेशीनं व्यवसायाचे वर्ग बसमधून गावोगावी नेले. मला ही मदत मोलाची वाटते, कारण चूल, मुलं, जनावरं सोडून महिनाभर शहरात राहणं बहुतेकींना शक्यच नसतं.

गैरसमज : कागदपत्रं केली की टॅक्स मागे लागतो.

राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे. घरगुती खाद्यपदार्थांना अन्नसुरक्षेची साधी नोंदणी मात्र लागते. २०११च्या नियमांनी तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवलं होतं. एजंट हजारो मागत असेल तर देऊ नयेत.

गैरसमज : तारण नाही, मग कर्ज नाही.

मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटातलं ५० हजारांपर्यंतचं कर्ज विनातारण असतं. बचत गटातून राज्याचं ‘उमेद’ अभियान किंवा महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) यांच्या मदतीनंही बँकेपर्यंत जाता येतं. पण कर्ज मिळताच पहिला खर्च यंत्रावर करायची घाई नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी बाजारात येते. तेव्हा पाच-सहा जणींनी मिळून मंगळवेढ्याकडची मालदांडी घाऊक घेतली, तर वर्षभर किरकोळ भावानं पीठ घ्यावं लागत नाही.