स्टॅनब्रुक मठ : चार शतकांची वाटचाल

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ बंद केले. त्यामुळे कॅथलिक मुलींना संन्यासिनी व्हायचे तर समुद्र ओलांडावा लागे.

● १६२३ : नऊ इंग्रज तरुणी काम्ब्रे येथे एकत्र, बेनेडिक्टाइन मठाची सुरुवात. काम्ब्रे तेव्हा स्पॅनिश अमलाखाली, आज फ्रान्समध्ये. नऊ जणींत सर थॉमस मोर यांची खापरपणती हेलन (गर्ट्रूड) मोर.

● १७९३ : फ्रेंच क्रांतीत मठ जप्त, संन्यासिनी काँपिएन्यच्या तुरुंगात. चौघींचा तिथेच मृत्यू.

● १७९४ : त्याच तुरुंगातल्या, कार्मेलाइट या दुसऱ्या कॅथलिक पंथाच्या सोळा स्त्रियांचा १७ जुलैला पॅरिसमध्ये गिलोटिनखाली शिरच्छेद.

● १७९५ : काम्ब्रेच्या संन्यासिनींची सुटका. अंगावर त्याच कार्मेलाइटांचे मागे राहिलेले कपडे घालून इंग्लंडला परत.

● १८३८ : वुस्टरशायरमधील स्टॅनब्रुक येथे स्थायिक.

● १८७६ : मठाचा स्वतःचा छापखाना. पुढे देखण्या हातछपाईसाठी तो नावाजला.

● २००९ : यॉर्कशायरमधील वास येथे स्थलांतर. नव्या इमारतीत सौर पॅनेल आणि पावसाचे पाणी साठवण्याची सोय.

दिनक्रम : सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीनुसार सामूहिक प्रार्थना, वाचन आणि श्रम. जागा बदलली, नाव मात्र स्टॅनब्रुकच राहिले.